जालंधरचा गुण्या

गोहलपुरातल्या आमच्या एका खोलीत बाबांची हत्यारांची पेटी खाटेखाली असायची. बाभळीच्या लाकडाची होती, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेला. आई घरात होती तोवर त्या पेटीला हात लावायची माझी छाती नव्हती. मग आईला माझ्या धाकट्या भावाला, बबनला घेऊन वरूडला माहेरी जावं लागलं, आणि हळूहळू ती पेटी माझी सोबतीण झाली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. दिवसभर घरात बोलायला कुणी नसलं म्हणजे माणूस कशाशीही बोलतो. मी पान्यांशी आणि कानशींशी बोलत असे. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आई गेली ती भांडून नव्हे. बबन दीड वर्षाचा होता आणि त्याची छाती भात्यासारखी वाजायची. आमच्या गल्लीत तीन-चार छोटे कारखाने होते; सकाळपासून भट्ट्या पेटायच्या आणि धूर खालीच राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं की या पोराला मोकळी हवा पाहिजे. मोकळी हवा बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत होती; मैदानात, रांगेने, पुढे अंगण आणि मागे सीताफळाचं झाड. पण क्वार्टर मिळायचं वरच्या ग्रेडच्या कामगाराला, आणि वरची ग्रेड मिळायची ट्रेड टेस्ट पास झाल्यावर. बाबा फिटर होते. त्यांची टेस्ट दसऱ्यानंतर होणार होती. टेस्ट म्हणजे ग्रेड, ग्रेड म्हणजे क्वार्टर, क्वार्टर म्हणजे आई. मी हे गणित इतक्या वेळा मनात घोकलं होतं की शाळेत बाईंनी ‘टेस्ट’ शब्द उच्चारला तरी मला आईच्या लुगड्याचा वास यायचा. मला वरूडला नेलं नाही कारण माझी शाळा होती, आणि बाबांचा डबा होता.

ते लढाईचं वर्ष होतं. फॅक्टरी लष्करी मालाची, तिथे बारा-बारा तासांची पाळी लागली होती. पहाटे भोंगा वाजला की गल्लीतून सायकलींची रांग निघायची. घंट्या, खोकले, साखळ्यांची करकर, आणि मग एकदम सगळं शांत. ती शांतता मला अजून आठवते. रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीच्या काचांना आम्ही काळा कागद चिकटवला होता, त्यामुळे दिवसाही खोलीत संध्याकाळ असल्यासारखं वाटायचं. मी ज्वारीच्या भाकरी थापायला नुकतीच शिकले होते. माझ्या भाकरीचा काठ कडक व्हायचा आणि मधे कच्ची राहायची. बाबा काठ वरणात बुडवून खायचे आणि मधला भाग चुलीच्या निखाऱ्यावर पुन्हा धरायचे. नावं त्यांनी कधी ठेवली नाहीत. जवसाची चटणी मात्र मला आईसारखी जमायची, आणि ती खाताना ते मान हलवायचे. संध्याकाळी सातच्या सुमाराला ते आले की मी चहा टाकायची. कपबशी हातात घेताना बशी किणकिण वाजायची. दिवसभरात घरात दुसऱ्या माणसाचा तो पहिला आवाज असायचा, म्हणून मला तो फार आवडायचा. मला वाटायचं, बाबांना चहाची घाई झाली आहे.

बाबांचं शिक्षण गावात चौथीपर्यंत. इंग्रजी ते हत्यारांवरून शिकले होते. कानशीच्या मुळाशी, पान्याच्या दांड्यावर ठोकलेली अक्षरं वाचत वाचत त्यांची बाराखडी झाली आणि तीच त्यांनी मला शिकवली. शाळेत एबीसीडी सुरू व्हायच्या आधी मला ‘मेड इन’ वाचता येत होतं. ती हत्यारं त्यांनी नवी घेतलेली नव्हती. आधीच्या मोठ्या लढाईनंतर गोऱ्यांच्या पलटणी गेल्या तेव्हा डेपोतला माल भंगारात निघाला, तो ओमतीच्या कबाड्यांकडे वर्षानुवर्षं पडून होता. बाबा रविवारी तिथे जाऊन ढिगारे उपसायचे आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी वस्तू फडक्यात गुंडाळून आणायचे. आई म्हणायची, लोक बाजारातून भाजी आणतात, हे गंज आणतात.

त्या गंजाखालून काय निघायचं ते मात्र पाहण्यासारखं होतं. इंग्लंडची कानस होती, शेफील्डची, हातभर लांब. बाबा म्हणायचे, ही लोखंडाला चावते पण हाताला ओढत नाही. दुसऱ्या कानशी दोन तासांत खांदा धरतात. स्वीडनचा सरकता पाना होता. त्याचा स्क्रू फिरवला की जबडा पाण्यात हंस सरकावा तसा सरकायचा, आणि थांबवला की तिथेच थांबायचा, तसूभर डगमगायचा नाही. अमेरिकेची पक्कड रूपाने ओबडधोबड, मोठ्या पंजासाठी केलेली. माझ्या दोन्ही हातांत मावायची नाही. पण वीस वर्षं चिखलात पडूनही तिचा सांधा अडकला नव्हता. जपानची एक छोटी पक्कड होती, इतकी हलकी की बाबा तिला खेळणं म्हणत, आणि घड्याळाच्या कामाला मात्र गुपचूप तीच काढत. आणि सगळ्यांत वरच्या कप्प्यात, तेलाच्या फडक्यात, जर्मनीचा गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार. एक जाड दांडा आणि त्यात बसवलेली पातळ पट्टी. काम चौरस झालं की नाही ते त्यावर ठेवून पाहायचं. पट्टी आणि काम यांच्यातून उजेड दिसला तर काम चुकलं. या गुण्यावर कारागिराने कुठेच मिरवलं नव्हतं. जिथे हात लागायचा तिथे कडा मऊ केलेल्या, जिथे काम लागायचं तिथे सुरीसारख्या.

“लोखंड सगळीकडचं एकच असते, कुसुम,” बाबा म्हणायचे. “फरक पाणी देण्यात असते. तापवून कधी बुडवायचं आणि कधी नाही, हे ज्याले समजलं त्याचं हत्यार टिकते.” हत्यार ओळखायची त्यांची पद्धत होती. दोऱ्याला टांगून नखाने टिचकी मारायची. इंग्लंडची कानस लांब आवाज करायची, देशी पान्याचा आवाज मातीच्या मडक्यासारखा लगेच मरायचा. डोळे मिटून मला ओळखायला लावायचे. मी क्वचितच चुकायची.

आई गेल्यावर दुपारच्या वेळी मी पेटी बाहेर ओढायची. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात मी ते सगळे देश शोधून काढले होते. जमिनीवर गोणपाट पसरायची आणि नकाशाप्रमाणे हत्यारं मांडायची: वर स्वीडनचा पाना, त्याच्या खाली जर्मन गुण्या, डाव्या हाताला इंग्लंडची कानस, पार उजवीकडे भिंतीजवळ जपानची पक्कड. अमेरिकेसाठी गोणपाट पुरायचं नाही, म्हणून ती खाटेच्या पायाशी ठेवायची. मग खालच्या बाजूला, हिंदुस्थान असतो तिथे, मी स्वतः बसायची. वरूडसाठी मी एक खिळा ठेवत असे. तो माझ्या गुडघ्यापासून वीतभरच लांब असायचा.

पेटीत देशी हत्यारंही होती, पण ती तळाशी, फडक्याविना. चकचकीत पाने, ज्यांचा मुलामा पापडासारखा सुटायचा. बोल्ट जरा अडला की ज्यांचा जबडा फाकायचा. आणि एक गुण्या होता जालंधरचा. तो बाबांचे फॅक्टरीतले जोडीदार करतारसिंग काकांनी दिला होता. त्यांचा भाऊ जालंधरला हत्यारांच्या कारखान्यात होता. बाबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला होता आणि आभार मानून तळाशी टाकला होता. करतारसिंग काकांच्या ते लक्षात आलं. बाबांच्या पेटीपुढे उकिडवे बसत ते म्हणाले होते, “अच्छा भाई, तेरे औज़ार सब विलायत में पैदा हुए. तू काहे को अमरावती जिले में पैदा हो गया?” बाबा हसले होते, पण गुण्या तळाशीच राहिला.

आता नवमीच्या दिवसाकडे येते. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही. पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहायचं. दर वर्षी आई आदल्या दिवशी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करायची आणि हत्यारं बाबा स्वतः काढायचे. ती ते कशी साफ करतात, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पूजेच्या वेळी ती चमकत असायची एवढंच मला माहीत. त्या वर्षी फॅक्टरीला नवमीची सुटी नव्हती, फक्त दसऱ्याची मिळाली होती. बाबा पहाटे निघताना म्हणाले, संध्याकाळी येऊन पूजा करू. मी ठरवलं की ते येतील तेव्हा सगळं तयार असेल. आई असती तर असतं तसं.

मी आईचं तांब्याचं घंगाळ अंगणात काढलं. त्यात चिंच कोळली, मूठभर मीठ टाकलं, ऊन पाणी ओतलं. आणि पेटीतली चांगली, चांगलीच हत्यारं एकेक करून त्यात सोडली. कानस, सरकता पाना, दोन्ही पक्कडी, आणि फडक्यातून काढलेला जर्मन गुण्या. देशी हत्यारं घेतली नाहीत. ती पूजेच्या लायकीची नाहीत असं मला वाटलं होतं, आणि ते वाटणं माझं नव्हतं, बाबांच्या पेटीवरून शिकलेलं होतं. आमच्या घरमालकीणबाई, शुक्लाइन काकी, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान उंचावून पाहिलं आणि म्हणाल्या, “बिटिया, बरतन माँज रही हो कि लोहे को नहला रही हो?” मी म्हटलं, पूजा है काकी. त्या म्हणाल्या, तो फिर देर तक भीगने दो, इमली में जितना भीगेगा उतना चमकेगा. भांड्यांच्या बाबतीत ते खरंच होतं. मी घंगाळावर परात झाकली आणि रॉकेलच्या रांगेत जाऊन उभी राहिले. रांग मोठी होती. येताना झेंडूची फुलं घेतली. परत आले तेव्हा सूर्य कलला होता.

परात उचलली तेव्हा पाणी काळसर झालं होतं आणि त्यावर बारीक फेस होता. मी हात घालून गुण्या बाहेर काढला. तो चमकत नव्हता. तो लाल झाला होता. रक्तासारखा नव्हे, नवीन तांब्याचा असतो तसा गुलाबी-लाल, आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसला तर तो रंग फडक्याला लागून खाली राखी डाग दिसायचे. पट्टीच्या सुरीसारख्या काठाला बोट लावलं तर खरखर लागली, देवीचे वण असावेत तशी. सगळीच हत्यारं तशी झाली होती, कमी-जास्त. पान्याचा स्क्रू करकरत होता. मी राखेने घासलं, खोबरेल लावलं, फडक्याने पुसपुस पुसलं. काही उपयोग झाला नाही. टेस्टला स्वतःचा गुण्या न्यायची मुभा होती, आणि बाबा हाच नेणार होते. टेस्ट चार दिवसांवर होती. मी पाटावर झेंडूची फुलं मांडली, त्यावर ती हत्यारं मांडली, आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिले. इतकी एकटी मी त्या आधी नव्हते आणि त्या नंतरही फार वेळा झाले नाही.

बाबा आले. काळ्या कागदाच्या खोलीत एकच दिवा होता. त्यांनी पाटाकडे पाहिलं, खाली बसले, गुण्या उचलला, काठावरून अंगठा फिरवला.

“कशात ठेवले होते?”

“आईच्या घंगाळात. चिंच घालून.”

“हं,” ते म्हणाले. “आम्ही पोलादावर आखणी करायच्या आधी मोरचुदाचं पाणी लावतो, तवा असाच रंग येते. तांबं चढते त्याच्यावर.” मग माझ्याकडे पाहून, “काहून रडून राहिली? मारलं का मी तुले?”

मी म्हटलं, टेस्ट. एवढाच शब्द मला बोलता आला. आई म्हणायचं होतं, पण तो शब्द आला नाही.

ते उठले, हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, हळदकुंकू आण. आम्ही त्या खराब झालेल्या हत्यारांची पूजा केली. बाबांनी प्रत्येकाला बोट लावलं, माझ्या कपाळाला लावलं. चहा प्यायले. बशी वाजली. दुसरं काही झालं नाही.

पुढे अनेक वर्षांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवून बाहेर काढला आणि लाल झालेला तो खिळा सगळ्या वर्गाला दाखवला. मुलींनी आश्चर्याने हं हं केलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या सरांचे उपकार मी विसरणार नाही, पण तो धडा मी त्यांच्या आधी शिकले होते, आणि तो मला बाबांनी शिकवला होता, त्यांच्या उत्तम हत्यारांच्या मोलाने. चिंच आणि मीठ तांबं खातात, आणि ते तांबं लोखंड आपल्या अंगावर ओढून घेतं. पुढे मी आयुष्यभर मुलींना रसायन शिकवलं.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी पेटीच्या तळातून जालंधरचा गुण्या काढला आणि दारात, उजेडात बसले. मला म्हणाले, इकडे ये, शिकून घे. एका पत्र्याच्या सरळ कडेला गुण्याचा दांडा टेकवून त्यांनी आखणीच्या सुईने रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, दांडा दुसऱ्या बाजूला, आणि त्याच जागेवरून पुन्हा रेघ मारली. खाली दोन रेघा एकत्र होत्या, वर जाता जाता केसाएवढ्या एकमेकींपासून दूर गेल्या होत्या; म्हणजे गुण्या काटकोनात नव्हता.

“हत्यार कुठलं हाय ते त्याच्यावर लिहिलेलं असते,” ते म्हणाले. “खरं हाय का, ते उलटं करूनच पाहा लागते. मी हा कधी उलटा करून पाहिलाच नाही. नाव वाचलं आन ठेवून देला.”

मग त्यांनी इंग्लंडची कानस घेतली. चिंचेच्या पाण्याने तिच्या दातांत वर्षानुवर्षं रुतलेली घाण निघून गेली होती; पहिल्याच हाताला ती चावली आणि बाबांनी भुवया वर केल्या. जर्मन गुण्याच्या पट्टीवर कानस चाललीच नसती, ते म्हणाले, घसरली असती, इतकं कडक पाणी दिलेलं होतं तिला. त्यामुळे तो आता दुरुस्त होणार नव्हता. जालंधरच्या पट्टीला पाणी कमी दिलेलं, म्हणून ती मऊ, म्हणून तिला कानस लागत होती. तिचा दोषच त्या सकाळी आमच्या कामी आला. ते एक हात मारायचे, कोपर गुडघ्यावर टेकवून, श्वास धरून; मग एक चौरस ठोकळा पट्टीला लावून उन्हाकडे धरायचे आणि मला डोळा लावायला सांगायचे.

“उजेड?”

“आहे.”

पुन्हा एक हात.

“उजेड?”

“आहे, बाबा. खालच्या बाजूला.”

“खरं सांगजो. मले खूश कराले सांगू नको.”

मी खरं सांगत होते. मधेच करतारसिंग काका सायकल टेकवून आले. आपला गुण्या बाबांच्या हातात पाहून ते दारातच थांबले. “आ गए न जालंधर की शरण में,” ते म्हणाले. बाबांनी मान वर न करता उत्तर दिलं, “शरण नहीं करतार, इलाज कर रहा हूँ. भाई को लिख, पट्टी को पानी ज़रा ज्यादा दे.” काकांना पाटावरची लाल हत्यारं दिसली. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, पुड्यातली जिलेबी ठेवली आणि निघून गेले. त्यांचा तो न विचारण्याचा चांगुलपणा मी अजून मनात ठेवून आहे.

दुपार व्हायच्या सुमारास ठोकळा आणि पट्टी यांच्यामधून मला काहीच दिसेना. मी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. “नाही,” मी म्हटलं. बाबांनी पत्र्यावर रेघ मारली, उलटून पुन्हा मारली. रेघ एकच आली. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ती थंड झालेली जिलेबी खाल्ली. लढाईच्या त्या सबंध वर्षात बाबा माझ्याजवळ दिवसाउजेडी एवढा वेळ बसले तो तेवढाच.

टेस्टच्या आदल्या दिवशीही त्यांना पाळी होती, बारा तासांची. टेस्टमध्ये एका जाड पोलादी पत्र्यात चौकोनी भोक करायचं आणि त्यात बसेल असा चौकोनी तुकडा करायचा असे. तो तुकडा चारही बाजूंनी फिरवून बसवला तरी कुठून उजेड दिसता कामा नये. टेस्टच्या दिवशी मी शाळेत गेले नाही. वरूडचा खिळा मुठीत धरून दारात बसले. बाबा दुपारीच आले. सायकल भिंतीला लावली, पेटी खाटेखाली सरकवली, आणि म्हणाले, “तीन बाजूंनी बसला. चौथीनं उजेड देला.” मग झोपले. संध्याकाळपर्यंत झोपले. मी भाकरी केल्या. त्या दिवशी त्या चांगल्या झाल्या होत्या.

आईला दर रविवारी पत्र जायचं. आधी बाबाच लिहायचे, मोठ्या सुट्या अक्षरांत. त्या वर्षी पावसाळ्यापासून मात्र ते मला बसवायचे. तुझं अक्षर चांगलं आहे, म्हणायचे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्या रविवारी मी दौत घेऊन बसले. त्यांनी बबनची तब्येत विचारली, दाजींना, म्हणजे आईच्या वडिलांना, नमस्कार लिहायला सांगितलं.

“लिही. टेस्ट झाली. हात हलला, म्हणून राहून गेलं. पुढच्या वेळी होईल.”

मी लिहिलं नाही. “बाबा, गुण्या...”

“गुण्या नाही. हात हलला. लिही.”

“माझ्यामुळे झालं ते. आईला खरं सांगू.”

“मी सांगून राहिलो ते लिही, कुसुम,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मी लिहिलं. शब्द त्यांचे, अक्षर माझं. पत्र चिकटवताना मला वाटलं, बाबांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि ते खोटं मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

पुढची टेस्ट दीड वर्षाने झाली. त्यात ते पास झाले. तेव्हा लढाई संपून पाळ्या आठ तासांवर आल्या होत्या, आणि त्या वेळी फॅक्टरीनेच सगळ्यांना गुणे दिले. क्वार्टर मिळालं. आई आली. बबन तीन वर्षांचा झाला होता आणि मला ओळखत नव्हता. आईच्या मागे लपून तो मला ‘ताई’ नव्हे, ‘हे कोन हाय’ म्हणाला. सीताफळाचं झाड होतं. आईने पहिल्याच दिवशी घंगाळ घासायला काढलं आणि तळाशी काटकोनातला फिका डाग पाहून हे काय म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, मी ठेवलं होतं काहीतरी. मला ते दुसरं खोटं वाटलं. मी त्यांच्यावर जन्मभर माया केली ती या दोन खोट्यांच्या ओझ्याने. त्यांनी मला शिकवलं, कॉलेजला घातलं, नातेवाईक बोलले तरी बोलू दिलं. आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, ज्या माणसाने माझ्यासाठी खोटं सांगितलं तो हा.

बाबा गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. महाराजपुरातल्या माझ्या घरात ती खाटेखालीच असते. बबनला ती नको होती. दोन्ही गुणे तिच्यात आहेत. जर्मन, डागांसकट, वरच्या कप्प्यात, आणि त्याच्याच शेजारी, त्याच्यासारखाच तेलाच्या फडक्यात, जालंधरचा. टेस्टनंतर बाबांनी तो पुन्हा कधी वापरला नाही आणि मी कधी उलटून पाहिला नाही. पाहायची भीती वाटायची. दसऱ्याच्या सकाळी मला एखादा बारीक उजेड दिसला नसेल, मी घाईने ‘नाही’ म्हटलं असेल, असं मनात यायचं.

हे प्रकरण लिहायला घेतलं म्हणून काल सकाळी तो काढला. दारात बसले. बिस्किटाच्या डब्याचं झाकण घेतलं, त्याची कड कानशीने सरळ केली. तीच इंग्लंडची कानस, अजून चावते. गुण्या टेकवून सुईने रेघ मारली. उलटा केला. पुन्हा मारली. चष्मा पुसून पाहिलं, मग भिंग आणून पाहिलं.

रेघ एकच आहे.

मग मला बशीची ती किणकिण आठवली, रोज संध्याकाळची. गुडघ्यावर टेकवलेलं कोपर आठवलं. पावसाळ्यापासून पत्रं मला लिहायला लावणं आठवलं. तेरा वर्षांची होते तेव्हा कळलं नाही ते ठीक, पण नंतरही मी स्वतःच्या चुकीत इतकी गुंतून राहिले की ते किती थकले होते, हे मी एकदाही विचारलं नाही. हात हलला, हे पत्रात त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. मी ते माझ्या हाताने लिहिलं होतं.